कुक्कुटखाद्य टिकवण्यासाठी वनस्पतींचे अर्क : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

कोंबड्यांच्या खाद्यात वनस्पतींचे अर्क परिरक्षक म्हणून वापरायचे ठरवले, की बहुतेकांचा पहिला प्रश्न कोणता अर्क घ्यावा हाच असतो. माझ्या मते त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे, आणि तो म्हणजे आपले खाद्य नेमके कशाने खराब होते. खाद्य प्रामुख्याने दोन मार्गांनी बिघडते : त्यातील तेल हवेतील ऑक्सिजनमुळे खवट होते, किंवा ओलाव्यामुळे त्याला बुरशी लागते. या दोन्ही क्रिया एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत आणि त्यांना रोखणारे अर्कही वेगळे आहेत. खवटपणा थांबवणारा रोझमेरीचा उत्तम अर्क ओल्या मक्याच्या बुरशीपुढे फारसा उपयोगी पडत नाही, आणि बुरशीसाठी वापरलेले दालचिनीचे तेल फिशमीलमधील (माशांच्या भुकटीतील) चरबी खवट होण्यापासून वाचवेल, अशा भरवशावर राहता येत नाही. निदान चुकले तर महागडा अर्कही वाया जातो, म्हणून या लेखाची सुरुवात तिथूनच करतो.

पहिली पायरी : बिघाड ओळखा

खवटपणा ही साखळी पद्धतीने चालणारी क्रिया आहे. असंतृप्त मेदाम्लाचा एक रेणू ऑक्सिजनशी संयोग पावला, की त्यातून तयार होणारे अस्थिर घटक शेजारच्या रेणूंनाही त्याच वाटेवर नेतात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काही काळ सगळे शांत असते आणि मग खवटपणा झपाट्याने वाढतो. उष्णता, प्रकाश आणि लोह व तांबे हे धातू या क्रियेला वेग देतात, आणि खनिज मिश्रणात त्यांचे क्षार, बहुधा फेरस सल्फेट व कॉपर सल्फेट, असतातच. अख्ख्या दाण्यात तेल अंकुराच्या पेशींमध्ये बंदिस्त असते, म्हणून अख्खा मका बराच काळ चांगला राहतो. तोच दळला की सगळे तेल हवेच्या संपर्कात येते. फिशमील, मांस व हाडांची भुकटी, वरून घातलेले वनस्पती तेल आणि भाताचा कोंडा ही खाद्यातील खवटपणाची नेहमीची ठिकाणे आहेत.

भाताच्या कोंड्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण नव्या लोकांची इथे हमखास फसगत होते. भात सडताना, म्हणजे गिरणीत तांदळावरचा कोंडा काढताना, कोंड्यातील लायपेज हे विकर (एन्झाइम) तेलाच्या संपर्कात येते आणि काही तासांतच तेलाचे विघटन करून मुक्त मेदाम्ले तयार करू लागते. या क्रियेला ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे कोणताही अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनमुळे येणारा खवटपणा रोखणारा पदार्थ), मग तो वनस्पतिजन्य असो वा कृत्रिम, तिला थांबवू शकत नाही. कोंडा निघाल्याबरोबर त्याला उष्णता देऊन स्थिर करणे, तेल काढलेला कोंडा वापरणे किंवा ताजा कोंडा लगेच संपवणे एवढेच मार्ग आपल्या हाती उरतात.

खवट खाद्याचे नुकसान केवळ वासापुरते राहत नाही. त्यातील अ, ड आणि ई जीवनसत्त्वे नष्ट होतात, पक्षी खाद्य कमी खातात आणि वाढ मंदावते. ई जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता झाली तर लहान पिल्लांच्या मेंदूवर परिणाम होतो. पिल्लाचा तोल जातो, ते कुशीवर पडते, मान वाकडी होते आणि पाय ताठरतात. हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस तेलाच्या ताजेपणाकडे पुन्हा कधी दुर्लक्ष करत नाही.

बुरशीचे गणित ओलाव्याशी बांधलेले आहे. खाद्यातील पाण्याचे प्रमाण 12 ते 13 टक्क्यांच्या आत असेल तर साठवणीतील बहुतेक बुरशी वाढू शकत नाहीत. 14 टक्क्यांच्या वर धोका वेगाने वाढतो. खाद्यातील पाण्याची सरासरी योग्य असूनही पोत्याचा एखादाच कोपरा ओला असू शकतो, आणि बुरशी नेमकी तिथे सुरू होते. वाढताना ती स्वतः पाणी व उष्णता निर्माण करते, त्यामुळे शेजारचे खाद्यही हळूहळू ओलसर होत जाते. पोत्यात हात घातल्यावर मध्यभाग कोमट लागणे, खाद्याची ढेकळे होणे आणि कुबट वास येणे ही तिची उघड चिन्हे आहेत.

बुरशीपेक्षाही अधिक भीती तिच्या विषांची असते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अनोळखी रोगाने मेले, आणि त्याचा माग काढताना दूषित शेंगदाणा पेंडीतून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. ॲस्परजिलस फ्लेवस आणि ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी ते तयार करतात. अफ्लाटॉक्सिन उष्णतेला बरेच टिकून राहते. खाद्याच्या गोळ्या करताना लागणाऱ्या तापमानाला ते नाहीसे होत नाही. बुरशी मेली तरी तिचे विष खाद्यात राहते.

म्हणूनच अर्कांची मर्यादा इथे स्पष्टपणे सांगतो. अर्क चांगल्या खाद्याला चांगले ठेवतो. खवट झालेले तेल तो ताजे करत नाही आणि तयार झालेले विष काढून टाकत नाही. एखादा विक्रेता बिघडलेल्या मालावर उपाय म्हणून अर्क सुचवत असेल, तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

दुसरी पायरी : आधी ओलावा आणि साठवण

अर्काची बाटली उघडण्यापूर्वी कच्च्या मालाचा ओलावा मोजावा. ओलावा मापक असेल तर उत्तमच. नसेल तर दाण्यांसाठी एक साधी पण उपयोगी चाचणी करता येते. पूर्ण कोरड्या, झाकणाच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांशपर्यंत मका भरा, त्यात दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ घाला, दोन-तीन मिनिटे चांगले हलवा आणि बरणी थोडा वेळ स्थिर ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिले तर ओलावा साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे आणि तो मका साठवण्याजोगा नाही. मीठ खाली सुटे पडले तर तो त्याखाली आहे. ही चाचणी केवळ धोक्याचा माल ओळखून देते. 13 टक्के आणि 14 टक्के यांतला फरक तिला कळत नाही, म्हणून मोठ्या खरेदीसाठी मापकच हवा.

पोती लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्यांवर, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. आधी आलेला माल आधी वापरावा. गोळी खाद्य तयार करणाऱ्यांनी गोळ्या पूर्ण थंड झाल्याशिवाय पोत्यात भरू नयेत, कारण गरम गोळ्यांतून निघणारी वाफ पोत्याच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसते, आणि कितीही चांगला अर्क घातला तरी त्या ओल्या थरात बुरशी येते.

तिसरी पायरी : कामाला साजेसा अर्क निवडा

खवटपणासाठी सर्वाधिक भरवशाचा आणि सर्वाधिक अभ्यासलेला वनस्पती अर्क रोझमेरीचा आहे. त्यातील कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल हे घटक तेलात विरघळतात, म्हणजे जिथे खवटपणा घडतो तिथेच ते पोहोचतात. ते साखळीतील अस्थिर घटकांना स्वतःचा हायड्रोजन देऊन शांत करतात आणि साखळी तिथेच तुटते. युरोपीय संघाने 2010 मध्ये मानवी अन्नासाठी रोझमेरी अर्काला अँटिऑक्सिडंट म्हणून मान्यता दिली. हिरव्या चहाच्या अर्कातील कॅटेचिन हेही ताकदीचे अँटिऑक्सिडंट आहेत, पण ते पाण्याकडे झुकणारे असल्यामुळे निव्वळ तेलात नीट विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी योग्य वाहक, म्हणजे अर्क सामावून घेऊन तो नीट मिसळू देणारा पदार्थ, लागतो. हळदीतील कर्क्युमिनमध्ये हा गुण आहे, परंतु प्रकाशात ते लवकर निष्प्रभ होते, त्यामुळे खाद्य टिकवण्यासाठी एकट्या हळदीवर विसंबणे मला पटत नाही.

वनस्पती तेलांपासून मिळणारे मिश्र टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचे वेगवेगळे प्रकार) हाही चांगला पर्याय आहे, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना वाटते, की प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वे वगैरेंच्या तयार पूर्वमिश्रणात) ई जीवनसत्त्व आहे, म्हणजे खाद्याला वेगळ्या अँटिऑक्सिडंटची गरज नाही. प्रीमिक्समध्ये हे जीवनसत्त्व सहसा अल्फा टोकोफेरिल ॲसिटेट या रूपात असते. या रूपात रेणूचा क्रियाशील टोकाचा भाग मुद्दाम झाकलेला असतो, म्हणून ते साठवणीत टिकते. पण त्याच कारणाने ते पोत्यातल्या तेलाचे रक्षण करत नाही. पक्ष्याच्या आतड्यात तो झाकलेला भाग मोकळा झाल्यावरच ते काम करू लागते. खाद्य टिकवण्यासाठी मोकळ्या रूपातील टोकोफेरॉल लागतात, आणि त्यांतही गॅमा व डेल्टा हे प्रकार तेलाच्या रक्षणासाठी अल्फापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. सोयाबीन तेलापासून काढलेल्या मिश्रणात हे दोन्ही भरपूर असतात.

लोह व तांब्याचा उपद्रव कमी करण्यासाठी थोडे सायट्रिक आम्ल जोडीला दिले जाते. ते धातूंना बांधून ठेवते, आणि त्यामुळे मूळ अर्काचा प्रभाव अधिक काळ टिकतो. अनेक तयार मिश्रणांत ते आधीपासूनच असते.

बुरशीसाठी वेगळी मंडळी पुढे येतात : ओवा आणि थाइममधील थायमॉल, ओरेगॅनोमधील कार्व्हाक्रॉल, लवंगेतील युजेनॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड. हे घटक बुरशीच्या पेशींचे आवरण विस्कळीत करतात. प्रयोगशाळेतील काचेच्या थाळीत त्यांचे परिणाम फार प्रभावी दिसतात, पण त्या आकड्यांवरून खाद्याची मात्रा ठरवू नये. खाद्यातील मेद व प्रथिने या सुगंधी घटकांना आपल्याकडे ओढून बांधून ठेवतात, त्यामुळे तोच परिणाम मिळवायला खाद्यात बरीच जास्त मात्रा लागते. शिवाय ही तेले उडून जाणारी आहेत. उघड्या पोत्यातून ती हळूहळू नाहीशी होतात आणि गोळी यंत्रातील 75 ते 85 अंश सेल्सियसच्या वाफेत तर झपाट्याने.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ओलाव्याचा धोका जास्त असलेल्या खाद्यात केवळ सुगंधी तेलांवर भिस्त ठेवू नये. प्रोपिऑनिक आम्ल किंवा कॅल्शियम प्रोपिओनेट ही बुरशीरोधके दीर्घकाळ वापरात आहेत आणि त्यांची वागणूक नीट माहीत आहे. त्यांच्या जोडीला लवंग किंवा ओव्याचा घटक देऊन आम्लाची मात्रा कमी करता येते का, हे तपासून पाहणे हा नवख्यांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे.

कडुनिंबाची पाने साठवणीतील किडींसाठी वापरली जातात, तो भाग वेगळा. खाद्यातच कडुनिंब मिसळायचा असेल तर कडवटपणामुळे खाद्य कमी खाल्ले जाण्याचा धोका असतो. टॅनिन जास्त असलेल्या साली व फळांच्या भुकट्यांबाबतही सावध राहावे, कारण टॅनिन प्रथिनांना बांधतात आणि त्यांचे पचन कमी होते.

घरी काढा करून तो खाद्यावर शिंपडण्याची कल्पना अनेकांना आकर्षक वाटते. कृपया तसे करू नका. शंभर किलो खाद्यावर दोन लिटर काढा शिंपडला, तर खाद्याचा ओलावा जवळपास दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सुरक्षित 12 टक्क्यांवरून थेट धोक्याच्या हद्दीवर. काढ्यात क्रियाशील घटक किती उतरला हेही कळत नाही. वाळलेल्या पानांची भुकटी तुलनेने कमी धोक्याची आहे, पण तिच्यातील घटकांचे प्रमाण पीक, हंगाम आणि वाळवण्याच्या पद्धतीप्रमाणे इतके बदलते, की आज दिसलेला परिणाम पुढच्या खेपेला मिळेलच असे सांगता येत नाही. प्रमाणित अर्काची किंमत आपण मोजतो ती याच खात्रीसाठी.

चौथी पायरी : लेबल आणि तपासणी अहवाल वाचा

‘रोझमेरी अर्क’ एवढ्या शब्दांवरून काहीच कळत नाही. त्यात कार्नोसिक आम्ल किती टक्के आहे, ते वाचायला हवे. एका अर्कात ते 5 टक्के आणि दुसऱ्यात 10 टक्के असेल, तर पहिल्याचा एक किलो आणि दुसऱ्याचा अर्धा किलो सारखेच काम करतात. किंमतही त्याच हिशेबाने ताडून पाहावी. लवंग तेलासाठी युजेनॉल, ओव्याच्या तेलासाठी थायमॉल आणि मिश्र टोकोफेरॉलसाठी गॅमा व डेल्टाचे प्रमाण विचारावे. प्रत्येक खेपेबरोबर त्या खेपेचा तपासणी अहवाल मागावा. त्यात क्रियाशील घटकाचे प्रमाण, वाहक पदार्थ, अर्क काढताना वापरलेल्या द्रावकाचे शिल्लक अंश, जड धातू, कीटकनाशकांचे अंश आणि वापराची मुदत हे तपशील असावेत. उत्पादन गोळी खाद्यासाठी असेल, तर सुगंधी घटक आवरणयुक्त (उडून जाऊ नयेत म्हणून वेष्टणात बंद केलेले) आहेत का आणि किती तापमान सहन करतात, हेही लेखी घ्यावे.

कायद्याकडेही इथेच पाहून घ्यावे. प्रत्येक देशाची पशुखाद्यातील पूरक पदार्थांची मान्य यादी असते आणि त्यात पदार्थ कोणत्या कामासाठी मान्य आहे हेही नमूद असते. युरोपीय संघात 1831/2003 या क्रमांकाच्या नियमानुसार परिरक्षक आणि अँटिऑक्सिडंट एका वर्गात येतात, तर स्वादद्रव्ये दुसऱ्या वर्गात. अनेक सुगंधी तेले तिथे स्वाद म्हणून नोंदलेली आहेत. ती परिरक्षक म्हणून विकणे ही वेगळी गोष्ट ठरते. आपल्या देशाच्या यादीत निवडलेला अर्क कोणत्या कामासाठी आहे, हे खरेदीपूर्वी पाहावे, विशेषतः खाद्य विकायचे असेल तर.

पाचवी पायरी : मात्रेचा हिशेब

मात्रा बहुधा पीपीएममध्ये दिलेली असते. एक पीपीएम म्हणजे एका टनाला एक ग्रॅम, किंवा एका किलोला एक मिलिग्रॅम. संपूर्ण खाद्यावर 200 पीपीएम सांगितले असेल, तर टनाला 200 ग्रॅम आणि 50 किलोच्या पोत्याला 10 ग्रॅम लागतील. मात्र काही उत्पादक मात्रा केवळ तेलावर सांगतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. समजा, एका टन खाद्यात 30 किलो तेल आहे आणि मात्रा तेलाच्या 0.1 टक्के आहे; तर लागणारा अर्क 30 ग्रॅम. हाच आकडा चुकून संपूर्ण खाद्यावर धरला तर एक किलो पडेल, म्हणजे तेहतीस पटींहून अधिक. मात्रा खाद्यावर आहे की तेलावर, आणि अर्काची आहे की क्रियाशील घटकाची, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तराजू हातात घेऊ नये.

जास्त घातले तर जास्त टिकेल, हा समजही सोडावा. काही अँटिऑक्सिडंट, विशेषतः अल्फा टोकोफेरॉल, फार मोठ्या मात्रेत उलट खवटपणाला हातभार लावू शकतात, आणि तीव्र वासाच्या तेलांची मात्रा वाढली की पक्षी खाद्याला तोंड लावायला कचरतात.

सहावी पायरी : वेळेवर आणि एकसारखे मिसळा

अँटिऑक्सिडंटसाठी वेळ सगळ्यात महत्त्वाची आहे. साखळी सुरू होण्याआधी तो हजर असला पाहिजे. तेल आल्या दिवशीच, ताजेपणा तपासून, त्यात अर्क मिसळून ठेवावा. खाद्य तयार करण्याच्या दिवसाची वाट पाहू नये. चरबी घट्ट असेल तर ती पातळ होईपर्यंत हलके कोमट करून, ढवळत ढवळत अर्क सोडावा. फिशमील किंवा कोंड्याच्या बाबतीत माल हाती येताच पूड स्वरूपातील अर्क मिसळणे योग्य ठरते.

पूड थेट मोठ्या मिक्सरमध्ये टाकली तर ती एकाच जागी गोळा होऊन राहते. 100 ग्रॅम अर्क आधी एक किलो बारीक दळलेल्या मक्यात हाताने नीट मिसळावा, मग ते मिश्रण दहा किलो मक्यात, आणि मग मिक्सरमध्ये, तेही अर्धेअधिक धान्य आत गेल्यानंतर. सुगंधी तेल द्रवरूप असेल तर ते आधी सिलिकासारख्या शोषक वाहकावर घ्यावे. खनिज मिश्रण आणि अर्क एकाच छोट्या पूर्वमिश्रणात एकत्र ठेवू नयेत. तांबे व लोहाच्या सलगीत अर्काची ताकद पोत्यातच खर्च होते. मिक्सर किती वेळ चालवायचा हे यंत्रावर अवलंबून आहे, आणि त्याची खात्री करायला वेगवेगळ्या जागचे नमुने तपासण्यापलीकडे दुसरा उपाय नाही.

सातवी पायरी : खरोखर उपयोग होतो का, ते मोजा

प्रत्येक वेळी अर्क न घातलेला तुलनेचा नमुना ठेवा. त्याच घाण्याच्या कच्च्या मालातून, तेलासह, अर्क मिसळण्यापूर्वीच थोडा भाग बाजूला काढून त्याचे दोन-तीन किलो खाद्य तयार करावे, तशाच पिशवीत भरावे आणि त्याच जागी ठेवावे. हा नमुना नसेल तर खाद्य अर्कामुळे टिकले की कोरड्या हवेमुळे, हे कधीच समजणार नाही.

दोन्ही नमुन्यांतील तेलाचे पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या पेरॉक्साइडचे माप) ठरावीक अंतराने प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. ताज्या तेलात ते साधारणपणे किलोला 5 मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असते आणि 20 च्या पुढे गेलेले तेल खवट मानले जाते. या मूल्याची एक अडचण अशी, की ते वाढत जाऊन नंतर उतरते, कारण पेरॉक्साइडचेच पुढे विघटन होऊन आल्डिहाइड तयार होतात. म्हणजे जुनाट, पूर्ण खवट तेलही कमी आकडा दाखवू शकते. यासाठी जोडीला ॲनिसिडिन मूल्य, म्हणजे या आल्डिहाइडचे माप, पाहिले जाते. नाकाला खवटपणा जाणवत असेल आणि आकडा छान असेल, तर नाकावर विश्वास ठेवून ही दुसरी तपासणी करून घ्यावी. घाई असेल तर दोन्ही नमुने 60 अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवून कोणता आधी खवट होतो ते पाहता येते, परंतु सुगंधी तेलांसाठी ही पद्धत न्याय्य नाही, कारण त्या उष्णतेत ती उडूनच जातात.

बुरशीसाठी नमुने उघडून पाहण्याबरोबरच बुरशीसंख्या आणि अफ्लाटॉक्सिन अशा दोन्ही तपासण्या कराव्यात. पोत्याच्या वरून घेतलेली मूठभर पूड म्हणजे नमुना नव्हे; विष खाद्यात ठिपक्याठिपक्यांनी पसरलेले असते, त्यामुळे अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे घेऊन एकत्र केलेला नमुनाच पाठवावा.

यानंतर पक्ष्यांकडे वळावे. एका वयाच्या, एकाच जातीच्या पक्ष्यांचे दोन गट करून एकाला जुने आणि दुसऱ्याला अर्कयुक्त खाद्य द्यावे, आणि खाद्य किती संपले, वजन किती वाढले, मरतूक किती झाली याची रोज नोंद ठेवावी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत अंडी उकडून वास व चवही पाहावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत नव्या वासामुळे खाद्य थोडे कमी जाऊ शकते. ते पुढेही कमीच राहिले तर मात्रा घटवावी किंवा आवरणयुक्त प्रकार घ्यावा.

कृत्रिम अँटिऑक्सिडंटवरून अर्कावर येताना

बीएचए, बीएचटी आणि इथॉक्सिक्विन हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट स्वस्त आणि ताकदवान आहेत, म्हणून ते इतकी वर्षे टिकून राहिले. युरोपीय संघाने 2017 मध्ये इथॉक्सिक्विनची मान्यता स्थगित केल्यावर वनस्पतिजन्य पर्यायांचा शोध अधिक निकडीचा झाला. तरीही एका दिवसात सगळे बदलू नये. आधी सर्वांत कमी काळ साठवल्या जाणाऱ्या, कमी तेलाच्या खाद्यात अर्क वापरून पाहावा. तो वर्षातील सर्वांत उष्ण आणि सर्वांत दमट काळातून तुलनेच्या नमुन्यासह पार पडला, की मग जास्त तेलाच्या खाद्याकडे जावे, आणि फिशमील सगळ्यात शेवटी घ्यावे. अर्कयुक्त खाद्याची वापर-मुदत सुरुवातीला जुन्या खाद्यापेक्षा कमीच लिहावी आणि तपासणीचे आकडे हाती आल्यावरच वाढवावी. अर्काचा डबा प्रत्येक वेळी घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा, त्यावर उघडल्याची तारीख लिहावी, आणि नव्या खेपेच्या अहवालात क्रियाशील घटकाचा आकडा बदललेला दिसला तर मात्रेचा हिशेब त्याच दिवशी पुन्हा मांडावा.